छपराची माती, उत्तर उतार

सोमवारी त्रोन्दुर पत्रे घेऊन येणार होता.
शनिवारी बाबांनी शिडी धरली
आणि मी वर चढले, चमचा आणि कागदी पाकीट घेऊन.
साठ वर्षांची माती, मातीवर गवत,
गवताच्या बुडाशी शेवाळ,
ओलं म्हणावं तर कोरडं.
"डायटम म्हणजे पाण्यातले जीव ना?" बाबा खालून ओरडले.
"मग ते छपरावर काय करतात?"
वारा असा, की माझं उत्तर
सांडोयच्या मेंढ्यांपर्यंत गेलं असेल,
त्यांच्यापर्यंत नाही.

उत्तर एवढंच होतं:
त्यांना थेंबभर ओल पुरते.
धुकंही पुरतं.
बाकीचे दिवस काचेच्या डबीत
झाकण ओढून पडून राहायचं.

तोर्शहाव्नला आल्यावर माती पेरॉक्साइडमध्ये उकळली,
खिडकी सताड उघडी ठेवून.
शेवाळ गेलं, मुळं गेली,
लेंड्यांचा वास सर्वांत शेवटी गेला.
जिवंत होतं ते सगळं गेलं. हे मला दर वेळी खटकतं,
दर वेळी मी गॅस लावते.
खाली बसली वाळू, आणि काच.

तेलाचा थेंब, शंभरचं भिंग.
मोजायच्या चारशे.
हांट्शिया: पोटाशी किंचित वाकलेली, शिवण एका कडेला.
ल्युटिकोला: मधोमध, पण एकाच बाजूला, एक टिंब,
लिहिणाऱ्याचा हात
वाक्य संपण्याआधीच टेकावा तसं.
पिन्युलारिया, ती उत्तरेची:
दहा मायक्रॉनमध्ये पाच जाड रेघा,
बोटांनी चाचपून मोजाव्यात अशा.

दोनशे एकाहत्तरावीपाशी हात थांबला.
रेघा पाचच. शिवणही तीच.
पण लांबीला निम्मी, आणि टोकं बोथट.
एक पुस्तक म्हणतं, वेगळी जात.
दुसरं म्हणतं, छे, तीच.

डबी दुभंगते तेव्हा
दोघी लेकींना वारशात झाकणच मिळतं.
तळ जिचा तिने घडवायचा,
झाकणात मावेल एवढा.
एकीला आईचं झाकण, ती आईएवढी.
दुसरीला आईचा तळ झाकण म्हणून,
ती केसभर लहान. तिची धाकटी त्याहून.
अशा वाटण्या होत होत ही उरली असेल.
किंवा मुळातच दुसऱ्या घरची असेल,
वाऱ्याने आणून टाकलेली.

फोन वाजला. बाबा.
"पत्रा बसला. हिरवा घेतला, गवतासारखा दिसावा म्हणून."
मग बराच वेळ काही नाही.
"पाऊस फार वाजतो गं आता."
मी म्हटलं, एक सापडलीय, नाव ठरत नाहीये.
"आडनाव?"
"आडनाव आहे."
"मग झालं. एवढ्यावर आपल्याकडे माणूसही पुरतात."

वहीत लिहिलं: पिन्युलारिया. पुढे प्रश्नचिन्ह.
काचपट्टीच्या चिठ्ठीवर: घराचं छप्पर, उत्तर उतार, शनिवार.
ठिकाण आता उरलेलं नाही,
असा रकाना आमच्या तक्त्यात नाही.

दोनशे बहात्तर.
हांट्शिया.