अस्तर

नऊफुलांच्या डोंगराखाली बस थांबली
तेव्हा धुकं इतकं, की ड्रायव्हरनेच खाली उतरून
पायाने पायरी चाचपली
आणि म्हणाला, "इथून. वर."

खांद्याला आईची पिवळी झोळी.
तिच्यावर सतरा शिक्के, सतरा देवळांचे,
काही डाळिंबी, काही विटून विटकरी,
एक तर चक्क उलटा.
त्या साली भिक्षूचा चष्मा फुटला होता,
ती हसत सांगायची
आणि झोळीची पुन्हा घडी घालायची
हलक्या हाताने.
अठरावी जागा कोरी.
"ती वरच्या देवळाची. गुडघे बरे झाले की."

गुडघे बरे झाले नाहीत.

आमच्याकडे म्हणतात, ही झोळी म्हणजे परवाना.
मेल्यावर एकोणपन्नासाव्या दिवशी जाळायची,
मग पलीकडच्या चौकीवरचा कारकून शिक्के मोजतो,
एक जरी कमी भरला तर
रांगेत मागे पाठवतो.
मी स्वतः पाण्याच्या बिलांच्या खिडकीत बसतो,
त्यामुळे मला हे खरं वाटतं.
आज सेहेचाळिसावा.

माझ्यापुढे हमाल तुंग शौगन,
बांबूच्या दोन्ही टोकांना कौलं,
प्रत्येकावर कुणाकुणाची शाईची अक्षरं.
"वाच ना एखादं," म्हणाला, "मला येत नाही.
चढ जरा कमी वाटतो."
मी वाचलं: सुनेला दिवस जावेत.
वाचलं: थोरल्याचा ट्रक सुखरूप राहो.
वाचलं: शांती.
"एवढंच?"
"एवढंच."
त्याने बांबू दुसऱ्या खांद्यावर घेतला
आणि बराच वेळ काही बोलला नाही.

अर्ध्या वाटेवर पावसाने गाठलं.
चहाच्या टपरीत खुआंगबाईने चूल पुढे सारली,
"उलटी कर ती झोळी, आतून वाळू दे."
मी उलटी केली.

अस्तरावर, शिवणीच्या कडेला,
बाहेरच्या प्रत्येक शिक्क्यामागे एक शिक्का.
सतरा.
खाली आईचं कोंबडीच्या पायांसारखं अक्षर:
मेंढीचं साल, तिसरा महिना.
नाव नाही.

मी उंदराच्या सालचा.
मेंढीच्या साली सात वर्षांचा होतो,
महिनाभर मामाकडे धाडलं होतं.
मामाने मासे पकडायला शिकवलं.
परत आलो तर आई खाटेवर, भिंतीकडे तोंड करून,
आणि उंबऱ्याशी कचेरीतल्या दोन बायकांनी ठेवलेली
लाल साखरेची पुडी.
ती साखर कुणी उघडली नाही.
शेवटी मीच खाल्ली, चोरून,
बोट ओलं करून करून.

चहा निवला. खुआंगबाईने न विचारता दुसरा ओतला.

वरच्या देवळात गाभाऱ्यात क्षितिगर्भ,
सगळे नरक रिकामे होईतो
बुद्ध व्हायचं नाही म्हणून अडून बसलेला.
बाहेर टेबलाशी एक तरुण भिक्षू,
फोन चार्जिंगला लावलेला,
शेजारी पैसे भरायचा कोड, प्लास्टिकमध्ये.
त्याने अठरावा शिक्का मारला. ठक्क.
"दहा युआन."

मी झोळी उलटी केली.
"इथेही."

तो वाकला. त्या सतरांवरून नजर फिरवली,
खालचं अक्षर वाचलं.
नोंदवही उघडी होती, पेन बाजूला होतं.
त्याने पेन उचललं नाही.
शिक्का पुन्हा लाल लगद्यात दाबला,
तोंडाची वाफ दिली,
आणि हळूच टेकवला, आवाज न करता.

मी फोन पुढे केला.
"आतल्याचे घेत नाही," तो म्हणाला,
आणि माझ्यामागच्या म्हातारीला
हाताने पुढे बोलावलं.
तिचीही झोळी
उलटीच होती.

उतरताना दोन्ही शिक्के एकमेकांना लागू नयेत
म्हणून मी झोळी उघडी धरली, दोन्ही हातांवर आडवी.
वळणावर शौगन बसलेला, बांबू रिकामा,
बिडी पेटत नव्हती.
"काय रे, असं काय धरलंयस?"

"ओलं आहे अजून," मी म्हणालो.