तिसरा फ्रीझर

बाहेर उणे एकतीस.
दाराशी विसरलेली बादली तळापर्यंत दगड झालीय
आणि आत मी
दूध गार राहावं म्हणून वीज विकत घेते आहे.
हे कुणाला सांगावं तर हसतील,
म्हणून बिलालाच सांगते, दर महिन्याला, मोठ्याने.

कूसियोकीत दुकान एकच. गिऱ्हाइकं त्रेसष्ट,
त्यातली नऊ उन्हाळ्यापुरती.

पानं गळताना रोवानिएमीहून यार्को आला होता.
उघड्या कपाटांना काचेची दारं लावून गेला.
कॉइलवरची धूळ काढली माझ्या जुन्या दातांच्या ब्रशने,
मांसाच्या कपाटातले निम्मे दिवे उतरवले.
"सॉसेजला काय वाचायचंय?" म्हणाला.
कंप्रेसरची ऊब पाइपाने मागच्या कोठीत वळवली.
आता तिथे बटाटे गोठत नाहीत
आणि हिशेब लिहिताना माझी बोटंही.

विजेचा भाव तासातासाला बदलतो.
फोन उशाशी घेऊन निजते, तापातलं पोर असावं तसा.
वारा सुटला, डोंगरापलीकडच्या पवनचक्क्या फिरल्या
की भाव धाडकन पडतो
आणि मी पहाटे तीनला उठून पावाची भट्टी लावते.
त्या दिवशी गाव वेलदोड्याच्या वासाने जागं होतं.
कुणी विचारत नाही, आज कसं काय.
दार उघडून आधी वाऱ्याकडे बघतात.

तरी बिल काही नमतं घेईना.

राहिला तिसरा फ्रीझर.
माझ्या सासऱ्यांनी घेतलेला, झाकणाला दोरी.
आत सहा कोंबड्या, वाटाणे, आणि बाकी सगळी हवा.
इतकी वर्षं मी हवा गोठवत होते.
चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला,
इथे तर मसालाही नाही,
नुसता गारठा.

रविवारी रिकामा करायला घेतला.
तळाशी बर्फात रुतलेला आइस्क्रीमचा डबा,
उलथन्याने खरवडून काढावा लागला.
चिकटपट्टीवर पेन्सिलीने:
हिल्ला. ऑगस्ट. ओइवाला.
उजवीकडे कललेलं अक्षर. अउनेचं.

हिल्ला म्हणजे दलदलीतली पिवळी बोरं,
एका देठाला एकच.
डबा भरायला अख्खा दिवस जातो
आणि डासांना द्यायचं ते द्यावं लागतं.
अउनेला जाऊन पाच हिवाळे झाले.

मी कागद ओढला. सवयच जडलीय.
फ्रीझर वर्षाला खातो दोन हजार युनिटं,
डब्याची जागा धरू शंभरावा हिस्सा,
पाच वर्षांची झाली शंभर युनिटं,
युरोत अकरा-बारा.
बेरीज दोनदा तपासली.
कुणाच्या नावावर टाकायची, ते कळेना.
कागद चुलीत गेला.

डबा दुसऱ्या फ्रीझरमध्ये, वाटाण्यांच्या पाकिटाखाली.
कोंबड्या त्याच्या शेजारी.
मग तिसऱ्याची वायर ओढली.
तो एकदा थरथरला, म्हशीने अंग झाडावं तसा,
आणि थांबला.
भिंतीवरचं घड्याळ टिकटिकतं
हे मला लग्नानंतर पहिल्यांदा कळलं.

सोमवारी ओइवा आला, रोजच्यासारखा,
उंबऱ्यावर बूट आपटत, भुवयांवर हिम.
दोन पावलं आत आला आणि थबकला.
टोपी काढली, कान दुकानाकडे केला.
"कोण गेलं?"

"तिसरा फ्रीझर," मी म्हणाले. "परवडत नव्हता."

तो जाऊन त्याच्यापाशी उभा राहिला.
झाकणावर तळहात ठेवला, कोमट होतं.
"अउने इथे कोपर टेकायची," म्हणाला,
"बोलायला लागली की तासभर.
मी बाहेर गाडी चालू ठेवून बसायचो.
किती पेट्रोल जाळलं असेल."

मी कॉफी ओतली. साखर पुढे सरकवली.
मग उठून दुसऱ्या फ्रीझरचं झाकण उचललं
आणि वाटाण्यांचं पाकीट बाजूला केलं.