नाव घालणे

भांडी बाजारात माझं दुकान म्हणजे एक स्टूल,
एक मशीन आणि सुईची कुरकुर.
घागरीवर, ताटावर, रुखवताच्या परातीवर
नावं घालतो. अक्षराला दोन रुपये.
काना-मात्रा फुकट.

पळसे गावचे विश्राम गायधनी आले,
देवळालीच्या तोफखान्यातून निवृत्त,
रुमालात बांधलेलं वीरचक्र घेऊन.
फीत अर्धी निळी, अर्धी भगवी,
कडेला त्यांचं नाव, माझ्या सुईहून बारीक.
"शेजारी अजून एक बसेल का?"

म्हटलं, सरकारी आहे. मला हात लावता यायचा नाही.

ते पायरीवर टेकले.
"कागदावर लिहिलंय, स्वतःच्या जिवाची पर्वा न करता.
खोटंय. पर्वा होती. फार होती.
दारूगोळा पेटला तेव्हा मी पळालोच होतो,
वीसेक पावलं.
थंगराज तिथंच, गोळे ओढून बाहेर काढत,
तमिळमध्ये शिव्या देत.
एकही कळली नाही.
कुणाला, ते कळलं.
मग फिरलो मागं."

समोरच्या दुकानातून त्यांनी तांब्या आणला.
काय घालू?
"थंगराज."
तारीख?
"नको."
खाली 'यांजकडून' घालू?

डावा कान पुढे करून ते बसून राहिले.
तोफेवरची माणसं, ऐकू कमी येतं,
मी पुन्हा विचारणार, तेवढ्यात
"घाला," म्हणाले. "त्याच्याकडूनच आहे."

नऊ अक्षरं. अठरा रुपये मोजून दिले,
आणि रविवार कारंजाकडे निघाले,
वीरचक्र पुन्हा रुमालात, खिशात,
तांब्या उघडा, हातात.