सतरा नंबर

शुक्रवारी म्हापशात, जुन्या कपड्यांच्या ढिगातून
आल्वितोनं उचलली ही जर्सी.
"मेस्त, खेळलेली आहे, की दुकानातली?"

बर्फ मला ठाऊक तो मासळीबाजारातला,
भुशातला, इसवणाच्या पोटाखालचा.
त्यावर माणसं धावतात, एकमेकांवर आपटतात,
असं आल्वितो सांगतो. असेल.

मी ती उलटी करतो.
पाठीला खाली एक पट्टा, चौकोनात फुली घालून शिवलेला.
मारामारीत कुणी डोक्यावरून ओढू नये म्हणून, म्हणे.
टाके ताणलेत त्याचे.
बाहीवर काळे रबरी डाग, नखानं न निघणारे.
सतरातल्या साताचा पाय उसवून परत बसवलेला.

आणि कोपर. तीनदा रफू.
दोनदा मशीनवर, घाईत, बहुतेक खेळ थांबला नसताना.
तिसऱ्यांदा हातानं,
धागा जरा गडद, मिळाला तो,
टाके डावीकडून उजवीकडे.
डावखुरा. म्हणजे माझ्यासारखा.

"खेळलेली," मी सांगतो.
"कोण खेळला?"
ते मला कसं कळणार?
शिवणारा गाठ मारत नाही,
दोनदा मागे फिरून धागा संपवतो,
एवढं कळतं.

काखेत एक टाका सुटू लागलाय.
सुई उचलतो.
परत उशीत खोचतो.