एका चेंडूत दोघे बाद

एवेलियो शॉर्टस्टॉपला, मी सेकंड बेसवर.
सांता रुफिना कारखान्याचं मैदान,
डावीकडे मळीचं डबकं,
मधली जमीन अशी की चेंडू छातीवर येईल की दातांवर
देवालाही सांगता यायचं नाही.
एवेलियोला यायचं.
तो चेंडूकडे बघायचाच नाही,
चेंडूपुढच्या खड्ड्याकडे बघायचा,
आणि न बघता माझ्याकडे फेकायचा.
मी तिथे असायचो.
एका चेंडूत दोघे बाद.
लोक म्हणायचे, तेवढ्यापुरता कारखान्याचा भोंगा थांबतो.
खोटं आहे. भोंगा कुणासाठी थांबला नाही.

आईबाप तेच आमचे.
आई उकळत्या काकवीच्या रंगाची,
तो तिच्यावर गेला.
मी गेलो बापावर,
म्हणजे जहाजातून आलेल्या आणि जहाजातूनच परागंदा झालेल्या
त्या आस्तुरियन कारकुनावर.

बत्तीसच्या हिवाळ्यात उत्तरेकडून एक माणूस आला.
सात सामने बघितले त्याने.
सातही सामन्यांत वही उघडली ती एवेलियोसाठी.
आठव्या दिवशी माझा हात धरला,
बाही दंडापर्यंत सारली,
आणि कापड घेताना उलटी बाजू बघतात
तशी आतली कातडी बघितली.

पाद्र्याने दाखला लिहिला: शुद्ध स्पॅनिश रक्त.
तीन पेसो आणि एक कोंबडा.
आईच्या नावाच्या जागी
कुणा मेलेल्या बाईचं नाव घातलं.
कोंबडा आईनेच धरून दिला.
पाय बांधताना म्हणाली, घट्ट धर, सुटेल.

मग मी हॉटेलात झोपलो, पंख्याखाली.
एवेलियो दोन वर्षांनी आला,
काळ्यांच्या लीगमध्ये, बसच्या मागल्या बाकावर.
दिवसाला दोन सामने, कधी तीन,
जेवण खानावळीच्या मागच्या खिडकीतून,
तेही मिळालं तर.
त्याला लिहिता येत नव्हतं.
महिन्याला पोस्टकार्ड यायचं, त्यावर फक्त आकडा.
१७.
११.
२३.
तेवढ्या वेळा त्याने दोघांना बाद केलेलं,
दुसऱ्या कुणाकडे तरी चेंडू फेकून.
मी माझे आकडे पाठवले नाहीत.
रंगाने उजळ होतो;
माथ्याचं काय सांगू.

अलाबामात एक मैदान होतं.
आम्ही गावाबाहेर असलो की मालक ते त्यांना भाड्याने द्यायचा.
एका सोमवारी परतलो,
तर दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मध्ये मातीत एक चर.
डावी टाच ओढायची त्याची खोड.
लहानपणी आई त्यासाठी मारायची, जोडे झिजतात म्हणून.
मी बघत उभा राहिलो.
आमचा शॉर्टस्टॉप, कॅरोलायनाचा पोरगा, चांगला पोरगा,
आला, बुटाने माती सारखी केली,
आणि ग्लोव्हवर थुंकला.
मला विचारलं, काय हरवलं?
मी म्हटलं, काही नाही. इंग्रजीत.

सत्तेचाळीसला दार उघडलं म्हणतात.
तोवर एवेलियो एक्केचाळीसचा,
गुडघ्यात पाणी.

पुढे एकदा गावी गेलो.
आईला जाऊन वर्ष झालेलं.
तो कारखान्याच्या पोरांना शिकवत होता, काठी टेकत.
मी कोट काढला, बेसजवळ गेलो.
कुणीतरी चेंडू मारला.
त्याने उचलला, न बघता फेकला.
मी एक पाऊल उशिरा.

चेंडू उसात गेला.
पोरं हसली.
तो काठी घेऊन माझ्यामागे आला.
नवा होता, एवढंच म्हणाला.
अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं
पाचोळा सारत राहिलो,
तो त्या सरीत, मी या.