डब्यावरचं नाव

चोवीस डिसेंबर.
निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर,
आणि शरणपुरात, आमच्या गल्लीत,
चांदणीत बल्ब बसवता बसवता
शलमोन दुशिंग शिडीवरूनच ओरडतो,
"डबे मोजलेस का गं?"

मोजले. साठ.
करंज्या, शंकरपाळी, तिखट शेव,
पहाटे चारला बेकरीच्या भट्टीपाशी नंबर लावून
भाजून आणलेला रव्याचा केक, कडा जरा करपलेल्या.
बोरस्ते वहिनींनी यंदाही अनारसे दिले,
"दिवाळीतले नाहीत हो, ताजे आहेत," तीनदा सांगून.
तांबोळींचा तौसीफ छोटा हत्ती घेऊन उभा;
भाड्याचं विचारलं की हॉर्न वाजवतो.

माणसं एकसष्ट निघाली.
ऐनवेळी मी फडताळातून आईचा डबा काढला.
जड स्टील, झाकण असं
की वरून एक थाप मारल्याशिवाय बसत नाही,
आणि पोटावर भांडीबाजारात ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं
सौ. मार्था भा. पाटोळे, नाताळ १९७९.
ती असती तर दिला नसता.
फराळ हात सैल सोडून वाटायची,
डबा मात्र मागे लागून परत आणायची.

गंगेवर
(आम्हीही गोदावरीला गंगाच म्हणतो)
गाडगे महाराज पुलाखाली शेकोट्या पेटलेल्या.
आमची पोरं गाण्याच्या दोन ओळी म्हणून थांबली,
थंडीनं की लाजेनं, कोण जाणे.
गोधडीतून एक म्हातारा म्हणाला,
"थांबले का? म्हणा की."
मग म्हटलं सगळ्यांनी.
आमचा घसरलेला ठेका त्यानं टाळीनं सरळ केला
आणि शेव आहे का विचारलं.

डबे सव्वीसला गोळा करायचे, असं ठरलेलं.
आले अठ्ठेचाळीस.
रिकामा एकही नाही.
कुणाच्यात मुरमुरे, कुणाच्यात दोन बोरं,
एकात पाच रुपयांचं नाणं, कागदात गुंडाळलेलं,
एकात नुसतं तुळशीचं पान.
"मोकळा कसा द्यायचा?" म्हणाली देणारी,
जणू मीच काही भलतं मागितलं होतं.
शलमोन वही उघडून बसला,
जमेच्या रकान्यात 'बोरं, दोन' लिहिलं,
मग खोडलं, मग पुन्हा लिहिलं.

आईचा डबा आला नाही.
बारा डबे आले नाहीत म्हणा,
पण मला एकच आला नाही.

संक्रांत झाली. एके सकाळी रामकुंडापाशी
द्रोणात फुलं-वाती विकणाऱ्या बाईच्या पुढ्यात
तो दिसला. सुट्ट्या पैशांनी अर्धा भरलेला.
मी वाक्य जुळवत होते, अपमान न होणारं.
"छान आहे डबा," एवढंच निघालं.
"माझ्या नावाचा हाय," ती म्हणाली.
"कालेजातल्या एका पोरानं वाचून दावलं.
तवापासून घाटावर समदे मला
मार्थाबाईच म्हणत्यात."
"आणि खरं नाव?"
"ते बी हाय एक," आणि हसली.

पलीकडून खरंच कुणीतरी हाक मारली,
"ओ मार्थाबाई, दोन द्रोण!"
आणि वीस वर्षांनी मी
त्या नावाला कुणीतरी ओ देताना ऐकलं.

मी वीसची नोट पुढे केली.
तिनं डब्यातून दहा रुपये काढले,
दोनदा मोजले, माझ्या हातावर ठेवले,
झाकण लावलं
आणि वरून तळहातानं एक थाप मारली.

द्रोणाचं काय करायचं, मला ठाऊक नव्हतं.
घरी आणला, खिडकीत ठेवला.
बाहेर चांदणी अजून टांगलेलीच होती;
शलमोन म्हणतो, उतरवू रविवारी.