वारा पडेपर्यंत

सेकंदाला बावीस मीटर.
एवढा वारा झाला की क्लाइपेदाच्या बंदरात
क्रेन बांधून ठेवतात
आणि आम्ही खाली, डबे खायच्या खोलीत,
ओले हातमोजे हीटरवर टाकून
फोन काढतो.

रिमविदास माझ्या पडद्यात डोकावला.
सोळाशे धूळ साठली होती माझी,
चार महिन्यांची,
रोजचे तीन डाव, बहुतेक हरलेले.
"काय घडवतेस, स्काइस्ते?"
"मिठाची राणी."
त्यानं राईच्या पावावर धुरावलेला मासा ठेवला,
चावला, गिळला,
मग म्हणाला, "कशासाठी?"

उत्तर नव्हतं. दिसते छान.
आणि काल एकानं तिची उतारी केली
नि मी संपले.

"ज्या पानानं हरवलं, ते पान घडवायला धावू नये.
आधी दहा डाव हर.
कुठे हरलीस ते कागदावर लिही.
सात वेळा तरी चौथ्या फेरीतच गेलेली असशील,
पाच भारी पानं हातात धरून,
भरल्या हातांनी उपाशी.
राणी नवव्या फेरीला येते.
नववी फेरी बघितलीस कधी?"

मग फोन घेऊन तो वरून खाली सरकत गेला,
क्रेनची तार तपासतो तसा, बोटाखाली पीळ न् पीळ.
"हे काढ. हेही.
हे चांगलं आहे, पण दुसऱ्या कुणाच्या डेकमध्ये.
आणि नावाडी एकच? दोन हवेत.
चाळीस धुळीत होतो, दिसायला काही नाही,
पण दुसऱ्या फेरीला धक्क्यावर हजर असतो.
तीस पानं म्हणजे तीस माणसांची पाळी.
सगळेच मुकादम भरलेस
तर साखळी कोण अडकवणार?"

मी म्हटलं, हिमअस्वल मोडते, दोन्ही होईल.

"मोडीला चौथाई मिळते.
घडणावळ कुणी परत देत नाही,
इथेही नाही.
कंपनीनं एखाद्या पानाची ताकद छाटली
तर दोन आठवडे पुरी किंमत देतात.
तेवढ्यात काय ते मोडून घ्यायचं.
नंतर नशिबाला बोल लावू नये."

"मग तुझ्याकडे हे काय?"
गंजका नांगर. सहाव्या फेरीचं, छाटलेलं,
आता कुणीच ठेवत नाही.

"ते दोन आठवडे मी समुद्रावर होतो.
जहाजाच्या पोटात, पंप दुरुस्तीला.
नेट नव्हतं."

"आता मोड."

"चौथाईला?"
यावर थोडा वेळ फक्त हीटर टकटकत राहिला.

तो कप विसळायला गेला
आणि मी राणी घडवली.

एक डाव झाला आमचा.
खिडकीची काच थरथरत होती, बाहेर कंटेनरवर
कुणाचीतरी ताडपत्री फडाफड आपटत होती.
आश्चर्य म्हणजे मी नवव्या फेरीपर्यंत टिकले.
राणी हातात होती, अंगठ्याखाली,
पण आठवीच्या शेवटी त्यानं नांगर टाकला:
समोरच्याची पुढची फेरी जागच्या जागी.
दहावीत मी मेले.
राणी हातातच राहिली.

"म्हणजे चालतो की नांगर!"

त्याला हसू आवरत नव्हतं,
तरी बोट वर करून म्हणाला,
"आज चालला.
एका डावावर डेक बांधायचा नसतो."

भोंगा झाला. वारा चौदावर आलेला.
हातमोजे एका बाजूनं गरम, एका बाजूनं ओलेच.
शिडीला एकशे बारा पायऱ्या आहेत,
निम्म्यावर दम खायला थांबते मी.
तिथे हिशेब आठवला:
धूळ शून्य,
आणि नावाडी अजून एकच.